पारणं नसलेला उपास

फेब्रुवारी सरत आला की माझी बोटं जांभळी होतात. हातमोजे घाला, हातमोजे घाला म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडणारी मी, स्वतः मात्र घालत नाही. परीक्षेसाठी निनहायड्रिनचं द्रावण बनवताना एखादा थेंब बोटांवर येतोच आणि थोड्या वेळाने तिथे जांभळा डाग उमटतो. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, कातडी झडेल तेव्हाच जायचा. भाजीवाली विचारते, "बाई, जांभळं खाल्ली का? आत्ता कुठं मिळाली?" आता तिला काय सांगू, की माझ्या घामात अमिनो आम्लं आहेत, तिच्याही घामात आहेत, आणि हे औषध त्यांची चहाडी करतं! मी आपली हसते आणि मेथीची जुडी घेऊन घरी येते.

नाशकातल्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथेच आता जीवरसायन शिकवते. जुन्या गावात रंगपंचमीसाठी रहाड, म्हणजे रंगाचा तो जमिनीतला जुना हौद, उघडायची बोलणी सुरू झाली आणि रस्त्यावर द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो धावायला लागले की समजायचं, प्रॅक्टिकल डोक्यावर आलं. प्रत्येक मुलाला मी एका छोट्या बाटलीत पांढरी पूड देते आणि म्हणते, ओळखा. वीस अमिनो आम्लं, त्यांतलं कुठलंही एक. याच विसांची माळ ओवून आपलं अंग बनतं. केसांपासून काळजापर्यंत सगळं. ग्लायसिन त्यातलं सगळ्यात साधं. अंगाने लहान, त्यामुळे जिथे दुसरं कोणी मावत नाही तिथे ते निमूट मावतं, आणि आपली हाडं नि कातडी धरून ठेवणारे दोर त्याच्याच जिवावर वळले जातात. प्रोलिन आडमुठं, सगळी जांभळी होतात तेव्हा हे पिवळं होणार. लायसिन भातात कमी, डाळीत भरपूर. मिथिओनिन डाळीत कमी, भातात बरं. म्हणून वरण-भात! हे लग्न आपल्या बायकांनी पत्रिका न बघता जुळवलं, असं मी दर वर्षी वर्गात सांगते आणि मुलं दर वर्षी हसतात.

मग फेनिलॲलनिनची बाटली हातात येते आणि माझंच हसू जातं. पुडीकडे बघून काही कळत नाही, पिठीसाखरेसारखी दिसते. दुधात ते असतं, डाळीत असतं, दाण्यांत असतं, अंड्यात तर असतंच. पण आमच्या घरात एक मूल असं आहे की त्याला वरण-भाताची भरली वाटी म्हणजे विष आहे.

त्याचं कळलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव दिंडोरीकडे. रोज येणं-जाणं परवडेना म्हणून मी मखमलाबादला आत्याच्या मळ्यात राहायला आले होते. आत्या म्हणजे वडिलांची सख्खी बहीण. आणि माझी थोरली बहीण, सुनंदाताई, याच आत्याची सून. आतेभावाला मामाची मुलगी करायची, हा आमच्यातला जुना रिवाज. "पोरगी घरातल्या घरात ऱ्हाईल, परक्याच्या दारात कशाला धाडायची?" असं आत्याच म्हणाली होती आणि सगळ्यांना ते पटलं होतं. लहानपणी ज्याच्याशी मी कैऱ्यांवरून भांडले, झिंज्या उपटल्या, तो रामदादा एका दुपारी अक्षता पडल्या आणि दाजी झाला. मळ्यात शेवंती, मेथी, कोथिंबीर. पहाटे माल काढायचा, उजाडायच्या आत बाजारात पोचवायचा. उन्हातान्हात राबून आमच्या घराण्याचा रंग असा रापलेला, की लग्नाच्या फोटोत आमचे नुसते दात दिसतात.

अशा घरात निखिल झाला. जन्मला तेव्हा चारचौघांसारखा होता. मग दर आठवड्याला उजळत गेला. केस पिंगट, डोळे घारे, कातडी अशी की खालची निळी शीर दिसावी. आत्याला तर आभाळ ठेंगणं झालं. फुलं घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आत नेऊन ती पाळणा दाखवायची.

"सात पिढ्यांत आमच्यात असं गोरं पोर झालं नाय! सुनंदाला रोज केशर घातलं मी दुधात. वाया नाय गेलं."

"साहेबाचं पोर दिसतंय गं," बाया म्हणायच्या.

"दृष्ट नका लावू, मेल्यांनो," म्हणत आत्या गालावर काजळाची तीट लावायची, आणि ती तीट दिवसेंदिवस मोठी होत चालली होती. पोरगं अंगावर प्यायलेलं ओकायचं, त्याला खरूज व्हायची, मानही धड धरत नव्हतं. आत्याकडे सगळ्याला उत्तर होतं. गोऱ्या कातडीला ऊन सोसत नाही. गोरी पोरं आळशीच असतात. आणि मान म्हणाल तर, "ह्याचा बाप कुठं लवकर बसला व्हता? अजून तरी कुठं धड बसतोय?" यावर दाजी जेवता जेवता हसायचे, ताई हसायची, मीही हसायची. घरात गोरं मूल असण्याचा आनंद खरोखर फार मोठा होता, आणि त्या आनंदात मीही पुरती बुडाले होते, उगाच कशाला खोटं बोलू?

एक मात्र खटकायचं, वास. निखिलच्या दुपट्यांना, लंगोटांना एक कुबट वास यायचा. कितीही धुवा, उन्हात वाळवा, पुन्हा तोच. ताई म्हणाली, "कपड्यांच्या पेटीत उंदीर झालेत." पेटी बाहेर काढली, झटकली, डांबराच्या गोळ्या टाकल्या. तरी वास. मग दाजींनी बाजारातून पिंजरा आणला आणि त्यात भाकरीचा तुकडा अडकवून तो पाळण्याखाली ठेवला. रोज सकाळी ताई वाकून बघायची. पिंजऱ्यात काही सापडायचं नाही, आणि आत्या म्हणायची, "लय हुशार हाय उंदीर."

मग तो तास आला. प्रॅक्टिकल तोंडावर, अभ्यासक्रम उरकायची घाई. मॅडम भराभर सांगत होत्या आणि आम्ही भराभर उतरवत होतो. फेनिलॲलनिनपासून शरीर टायरोसिन बनवतं. टायरोसिनपासून पुढे कातडीचा नि केसांचा काळा रंग बनतो. पहिलं दुसऱ्यात बदलायला यकृतात एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. काही मुलांच्यात ते जन्मतःच नसतं. मग फेनिलॲलनिन रक्तात साचत जातं आणि मेंदूला वाढू देत नाही. "लक्षणं लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या. "उलट्या. त्वचेवर चट्टे. मान उशिरा धरणं. रंग घरातल्यांपेक्षा फार गोरा, केस पिंगट, डोळे घारे. लघवीला वास, उंदीर असलेल्या खोलीसारखा."

माझं पेन थांबलं. मॅडम पुढे लायसिनवर गेल्या, मी तिथेच राहिले. आजूबाजूला कुणाला काही झालं नव्हतं. पुढच्या बाकावरची मुलगी वहीत रेघ ओढत होती, खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. मला फक्त तो रिकामा पिंजरा दिसत होता. नसेल, नसेल, असं मी त्या दिवशी किती वेळा म्हटलं असेन.

दुसऱ्या दिवशी टॉनिकची रिकामी बाटली उकळून घेतली आणि निखिलची लघवी त्यात धरून कॉलेजात नेली. परीक्षा साधी आहे. फेरिक क्लोराइडचे दोन-चार थेंब टाकायचे, बस. साधारण पोराची लघवी पिवळीच राहते. मी थेंब टाकले आणि परीक्षानळीत हिरवा रंग चढत गेला, विहिरीतल्या शेवाळासारखा गर्द. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कोणाचं आहे हे?"

"माझ्या बहिणीच्या मुलाचं."

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या. पुन्हा केलं. पुन्हा हिरवं. मॅडम स्टुलावर बसल्या. "केवढा आहे?"

"उष्टावण झालं, मॅडम. मागच्याच महिन्यात आमच्या भावाने खीर भरवली."

मी नळी धुवायला घेतली तेव्हा मॅडमनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः धुतली.

घरी सांगायचं कसं? मखमलाबादचा तो रस्ता इतका लांब मला आधी कधी वाटला नव्हता. सगळ्या गावाने ओवाळलेलं गोरेपण म्हणजे आजार आहे, असं कोणत्या तोंडाने सांगू? शेवटी आल्या आल्या, चप्पलही न काढता, मी सगळं एका दमात बोलून टाकलं. ताई मेथीच्या जुड्या बांधत होती, ती तशीच बसून राहिली. आत्या मात्र उसळली.

"पोराचा मूत घेऊन कालेजात गेलीस? लाज नाय वाटली? चार पोरींत दाखवलास? अगं, दृष्ट लागली असंल तर तुझ्याच त्या कालेजची!"

"आत्या, त्याला डॉक्टरकडे..."

"गोरं पोर झालं तं आजारी, आणि तुम्ही काळ्या घागरी तेवढ्या निरोग्या?"

दाजी दारात उभे होते. त्यांनी पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चल," एवढंच म्हणाले, "मुंबईला नेऊ."

मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. जेवढं गेलं तेवढं गेलं. मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. पुढचं थांबवता येईल, तेही खाण्यापिण्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली तर. दूध मोजून, डाळ बंद, दाणे बंद, भातसुद्धा चिमूटभर. बाकी साबुदाणा, आरारूट, फळं, तूप, साखर, आणि परदेशातून येणारी एक पूड, जिच्यात फेनिलॲलनिन सोडून बाकी सगळी अमिनो आम्लं घातलेली असतात. मग त्यांनी ते सांगितलं ज्यावर मी आजही वर्गात अडखळते. फेनिलॲलनिन अगदी शून्य करूनही चालत नाही. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही आणि त्याच्याशिवाय पोर वाढत नाही. म्हणजे ज्याने मुलाचा घात होतो तेच चमच्याने मोजून रोज द्यायचं. ताईने एकच विचारलं, "आणि चमचा चुकला तर?" डॉक्टर म्हणाले, "चुकू द्यायचा नाही."

"नात्यात लग्न आहे का?" हेही त्यांनी विचारलं होतं. खोट आई-बाप दोघांकडून यावी लागते, एकाकडून आली तर ती झाकून राहते, हे त्यांनी समजावलं. आत्या तोवर भिंतीला टेकून उभी होती. भाजीपाला पिकवणाऱ्या बाईला हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. ती हलकेच म्हणाली, "घरचंच बी घरच्याच वाफ्यात टाकत गेलो आम्ही. बी बदलाया पाहिजे व्हतं." आणि पदर तोंडाशी धरून ती रडायला लागली. ताईला मागणी घालायला हीच आत्या आमच्या दारात आली होती, हे तिला आणि आम्हाला, सगळ्यांनाच आठवत होतं.

पुढे माझ्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा दुसऱ्या आत्याच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, मला आवडतही होता, खरं सांगते. मी नाही म्हणाले. ती आत्या अजून माझ्याशी तुटक बोलते. बोलू दे.

त्या पुडीचा वास! तिखट, आंबूस, कुजक्या बटाट्यासारखा. निखिल तोंड घट्ट मिटायचा, ताई नाक दाबून चमचा आत सारायची, तो ओकायचा, ती पुन्हा कालवायची. अंगावर दूध ओसंडत असलेली आई दूध पिळून टाकते आणि पोराला हे पाजते, हे बघवत नसे. पण पावसाळा निम्मा सरला तेव्हा एके दिवशी ताईने मला मोठ्याने हाका मारल्या. मी पळत गेले तर निखिलला मांडीवर पालथं घातलेलं, आणि ती त्याच्या डोक्यात बोटं घालून केस पांगवत होती.

"बघ, बघ! मुळाशी काळं येतंय!"

खरंच येत होतं. पिंगट केसांच्या बुडाशी काळी कोवळी रेघ. टायरोसिन कामाला लागलं होतं. महिन्या-दोन महिन्यांत पोरगं आमच्यातलं दिसायला लागलं, चांगलं सावळं. शेजारच्या गयाबाई हळहळल्या, "काळवंडलं गं बाई पोर. काय सोन्यासारखा रंग व्हता." ताई इतकी मोठ्याने हसली की गयाबाई बिचकून निघून गेल्या. आपलं मूल काळं पडलं म्हणून पेढे वाटावेत असं वाटणारी आई मी दुसरी पाहिली नाही. आणि पेढे वाटणार तरी कसे, ते तर दुधाचे!

आत्याचं मात्र मन मानेना. लेकराच्या तोंडचं दूध काढायचं, हे तिच्या कोणत्याच शास्त्रात बसत नव्हतं. मी तेव्हा तिथेच एम.एस्सी. करत होते. एकदा कॉलेजातून लवकर आले तर गोठ्याच्या आडोशाला बसून ती निखिलला वाटीतलं काही पाजत होती. मला बघून वाटी पदराखाली.

"काय आहे त्यात?"

"वरणाचं वरचं पाणी हाय नुसतं. डाळ नाय त्यात, देवाशप्पथ."

"आत्या, पाण्यातही उतरतं गं ते."

"एवढ्या एवढ्यानं काय व्हतंय? पोर बघ की, मिटक्या मारतंय."

तो खरोखर मिटक्या मारत होता. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. ते एकदाचं नव्हतं, हे आठवड्याभराने कळलं, जेव्हा निखिलला फिट आली. डोळे वर, अंग ताठ, तोंडाला फेस. दाजी त्याला घेऊन दवाखान्याकडे धावले, आणि आत्या अंगणात मटकन बसली ती तशीच. पोरगं शुद्धीवर येऊन घरी आलं, तेव्हा तिने आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून ह्याचा उपास हाय. जन्माचा. मी नवस केलाय. कुणी मोडायचा नाय."

आणि तिने स्वतःही दूध सोडलं. चहासुद्धा काळा. डॉक्टरांनी सांगून, मी सांगून, ताईने हातापाया पडून जे झालं नाही ते एका उपासाने झालं. रक्तातली रसायनं आत्याला कळत नव्हती, पण उपास मोडला की पाप लागतं हे तिला बरोबर माहीत होतं. सगळ्या मळ्यांत बातमी गेली. पोराच्या हातावर कुणी बिस्किटाचा तुकडा ठेवीना. बाया तर त्याच्या पाया पडायच्या. साबुदाणा, बटाटे, रताळी, केळी. खरंच की, ताट तर एकादशीचंच होतं! मलाही हे फार आवडलं. मीच मॅडमना कौतुकाने सांगितलं आणि त्याही हसल्या. वर्ष बरं गेलं. निखिल बसायला लागला, धरून उभा राहिला, ताईला 'आई' म्हणाला.

मग महाशिवरात्र आली. सगळ्या गावाचाच उपास. आम्ही कामात, आत्या देवळात, आणि निखिल गयाबाईंच्या ओट्यावर खेळत होता. गयाबाईंनी प्रेमाने त्याला दाण्याचे लाडू दिले. गूळ घातलेले, ताजे. पोरगं जन्मात पहिल्यांदा असं काही खात होतं. मागितलं, त्यांनी आणखी दिले. वर पेलाभर दूधही पाजलं. उपासाला दाणे चालतात, दूध चालतं, राजगिरा चालतो. आपल्या उपासाला जे जे चालतं त्यातलं निम्मं निखिलसाठी विष होतं, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

पुढचे काही दिवस त्या घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. निखिल किंचाळायचा, पाळण्याच्या दांडीवर डोकं आपटायचा, स्वतःचे हात चावायचा. पुन्हा फिट आली. गयाबाई दारात उभ्या राहून रडत होत्या, "उपासाचंच दिलं गं मी. देवाची आण, उपासाचंच दिलं." ताई त्यांना काही म्हणाली नाही. म्हणणार काय? बाईने उपास पाळला होता.

आत्याला मात्र ताई बोलली. निखिल झोपल्यावर, उंबऱ्यात बसून, शांतपणे. "आत्याबाई, ह्याला उपास म्हणू नका आता. उपासाचं दुसऱ्या दिवशी पारणं असतं. ह्याचं पारणं कधीच नाही." आत्याने मान हलवली. तिला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. पण त्या दिवसापासून ती भेटेल त्याला सांगायला लागली, "पोराच्या रक्तात खोट हाय, त्याला इचारल्याबिगर काय देऊ नका." खोट हा शब्द उच्चारताना तिचा आवाज दर वेळी बारीक व्हायचा. दूध तिने पुन्हा घेतलं नाही ते नाहीच.

ताईने दुसरं मूल होऊ दिलं नाही. चारात एकाला पुन्हा तेच, असं डॉक्टर म्हणाले होते. चारातले तीन चांगले, असंही म्हणता येतं, दाजी म्हणायचेही. ताई म्हणायची, "मला मोजायचं नाही आता काही. मी चमचे मोजून दमले."

आता काळ पुढे गेलाय. दुकानात बिनसाखरेच्या गोळ्या मिळतात, आणि त्यांच्या पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की यात फेनिलॲलनिन आहे, अमुक आजार असणाऱ्यांनी घेऊ नये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दुकानात उभी राहून रडले. आपल्या निखिलसाठी कुणीतरी, कुठेतरी, एक ओळ लिहून ठेवली आहे. दुकानदार म्हणाला, "बाई, शुगर निघाली का? रडू नका, आजकाल सगळ्यांनाच असते."

निखिल दहा वर्षांचा होऊन गेला. धावतो, सायकल चालवतो, शेवंती तोडायला बापाबरोबर जातो, मळ्यातल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव त्याला माहीत आहे. बोलतो सावकाश, शब्द शोधत. शाळेत त्याच्याहून लहान मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. मुलं त्याला काय काय म्हणतात ते तो घरी येऊन जसंच्या तसं सांगतो, त्यात काही लागण्यासारखं आहे हे न कळता. निदान परवापर्यंत मला असं वाटत होतं, की त्याला कळत नाही. तेवढाच माझ्या जिवाला दिलासा होता.

परवा रविवारी ताई त्याला घेऊन नाशकात आली होती. तिला बाजारात काम होतं, मला प्रयोगशाळेत बाटल्या भरायच्या होत्या, म्हणून मी त्याला बरोबर नेलं. त्याला रंग आवडतात. मी एका नळीत ग्लायसिन घेतलं, निनहायड्रिन घातलं, तापवलं, जांभळं झालं. तो टाळ्या वाजवून हसला. मग बराच वेळ कपाटातल्या बाटल्या बघत फिरला.

"मावशी, आई म्हणती, माझं तूच वळखलं. इथंच."

"हो रे. इथेच."

"मी केवढा व्हतो?"

"एवढासा. मांडीवर मावायचास."

तो विचार करत होता. त्याचा विचार दिसतो; कपाळाला आठ्या पडतात, ओठ हलतात. "अजून बारीक असताना वळखलं असतं, तं मला पाढे आले असते?"

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एवढा मोठा हिशोब त्याचा त्यानेच मांडला होता. त्याची अक्कल आम्ही वाचवली म्हणतो ना, ती एवढी वाचली होती, की आपलं काय गेलं ते त्याला कळावं. त्याला थाप मारावी असं फार वाटलं. पण तो माझ्याकडे इतका सरळ बघत होता.

"हो," मी म्हटलं. "आले असते."

तो रागावला नाही. दुकान आज बंद का, असं विचारावं तसं त्याने विचारलं, "मग तू आधी का नाय शिकली?"

अभ्यासक्रम, शेवटचं वर्ष, तो धडा, तो तास. काय सांगणार होते मी त्याला? तो वाट बघत उभा राहिला. माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहिला. मग एकदम त्याला काहीतरी ओळखीचं दिसलं असावं, कारण त्याचा चेहरा मऊ झाला, आणि त्याने जवळ येऊन माझ्या हातावर हात ठेवला.

"असू दे मावशी," तो म्हणाला. "नाय येत उत्तर, तं नाय येत. रडायचं नाय. आमच्या बाई मला असंच म्हणत्यात."